मागील रीडिंग, चालू रीडिंग

क्वार्टर गेटकडून आत वळलं की तिसरा कोपरा.
ग्राहकाचं नाव: खोदायार बेहराम इराणी.
एक्क्याऐंशी साली मी त्या मीटरवर पहिल्यांदा टॉर्च मारला
तेव्हा खोदायार जाऊन चार वर्षं झाली होती.
गल्ल्यावर त्याची बायको, दिनाबाई.
बिल उलटंपालटं करून म्हणाली,
"नाव राहू दे रे. बदलायला पण पैसा लागते."

मीटर जिन्याखाली, मैद्याच्या पोत्यांमागे.
शेजारच्या दगडात एक लोखंडी कडी, मनगटाएवढी जाड.
हॉटेलच्या आधी इथे टांग्यांचे घोडे बांधत म्हणे.
ती धरूनच मी खाली वाकायचो,
दर महिन्याला, घोड्याच्याच नेमाने.

दिनाबाईंची एकशेदहा युनिट.
दोन पंखे, सहा बल्ब, एक रेडिओ.
पावाची भट्टी लाकडावर,
ती माझ्या हिशेबात नाही.

शहाऐंशीत फरक एकदम सहाशे चाळीस.
चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.
आत ओला ग्राइंडर घरघरत होता
आणि वासुदेव अडिगा नावाचा माणूस
संगमरवरी टेबलं तशीच ठेवून
नुसत्या खुर्च्या बाहेर काढत होता.
"इराण्याची खुर्ची गिऱ्हाइकाला बसवून ठेवते," म्हणाला,
"मला उठवणारी पाहिजे."

पुढे त्याच्या मेहुण्यांनी परमिट रूम काढली.
खिडक्यांना काळी काच, दुपारी बारालाही दिवे.
युनिट चढत गेले, उजेड उतरत गेला.
हे गणित मला पॉवर हाऊसमधल्या साहेबांना
कधीच नीट सांगता आलं नाही.

मग मेहुण्यामेहुण्यांत कोर्ट. शटर. कुलूप.
मागच्या बोळात जाळी होती, तिच्यातून आकडे दिसत.
फरक शून्य. शून्य. शून्य.
आणि श्रावणात, तीन.

तीन युनिट म्हणजे काय ते आम्हालाच कळतं.
चाळीसचा एक बल्ब, रोज अडीच तास.
जाळीशी वाकून मी "कोण आहे?" म्हटलं
तसा उजेड विझला,
आणि आत कुणीतरी श्वास धरला.
दोरीवर वेटरचा शर्ट वाळत होता,
खिशावरचं हॉटेलचं नाव अर्धं उसवलेलं.
मंजुनाथ असणार.
ग्लासात बोटं न बुडवता पाणी देणारा तो एकटाच होता.
मालक कोर्टात भांडत राहिले,
याला जा म्हणायलाही कुणी आलं नव्हतं.

शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, 'दार बंद'.
अकरा महिने तेच लिहिलं.
चौतीस वर्षांच्या नोकरीत केलेली अफरातफर
एवढीच: एकूण एकेचाळीस युनिट.
बाराव्या महिन्यात पुन्हा शून्य आलं
तेव्हा मी जाळीशी उगीच थोडा थांबलो.

मग शेडगे काकूंची खानावळ. एमपीएससीची पोरं,
ताटाशेजारी उघडं पुस्तक.
"चालू घडामोडी नंतर रे, आधी आमटी!"
टाळेबंदीत पोरं गावी गेली. काही परतली.
काकू नाही.

परवा गेलो, निवृत्त माणूस जातो तसा, काम नसताना.
कॅफे झालाय. गिलावा मुद्दाम खरवडून विटा काढल्यात,
वर पिवळे बल्ब, आतली तार दिसणारे,
भर दुपारी अठरा. मोजले.
घोड्याच्या कडीला कुंडी टांगलीय.
टेबल मात्र तेच. कडेचा उडालेला टवका
माझ्या कोपराने ओळखला.
कॉफी दोनशे दहा.
दिनाबाईंच्या चहाशी फरक काढायला घेतला
आणि सोडून दिला.

जिन्याखाली नवा मीटर, आपलं आपणच वाचणारा.
गल्ल्यावरच्या मुलीला विचारलं,
बिल कुणाच्या नावानं येतं?
तिनं फोनवर बोट सरकवलं.
"खोदायार सर," म्हणाली.
"मालक असतील. मी भेटले नाहीये अजून."